संभाव्यता (शालेय गणित)

एखादी घटना घडण्याची शक्यता ० ते १ यांच्या दरम्यानच्या संख्येने मांडणे म्हणजे संभाव्यता. अशक्य घटनेची संभाव्यता ०, निश्चित घटनेची १. महाराष्ट्र राज्य मंडळाच्या दहावीच्या गणित भाग १ मध्ये हे पाचवे प्रकरण आहे. विदर्भातल्या खेड्यांत मात्र या विषयाची सामग्री पाठ्यपुस्तकाच्या कितीतरी आधी पोरांच्या हाती आलेली असते.

ज्या प्रयोगाच्या सगळ्या निष्पत्ती, म्हणजे मिळू शकणारे निकाल, आधी माहीत असतात, पण नेमकी कोणती मिळेल ते सांगता येत नाही, तो यादृच्छिक प्रयोग. सर्व निष्पत्तींचा संच म्हणजे नमुना अवकाश आणि त्याचा कोणताही उपसंच म्हणजे घटना. घटनेतील घटकांच्या संख्येला नमुना अवकाशातील घटकांच्या संख्येने भागले की संभाव्यता मिळते. फाशावर सम संख्या पडण्याची संभाव्यता ३/६, म्हणजे १/२.

हे सूत्र निष्पत्ती समसंभाव्य, म्हणजे प्रत्येकीची शक्यता सारखीच, असतील तरच चालते, आणि वर्गात नेमकी हीच अट सुटून जाते. मग ‘उद्या पाणी येईल किंवा येणार नाही, शक्यता दोनच, म्हणून १/२’ असे उत्तर मिळते. मृगात आणि माघात पाऊस पडण्याची शक्यता सारखी नसते हे ज्या मुलाला पक्के ठाऊक आहे, तोही वहीत १/२ लिहितो. वावरातले ज्ञान आणि वहीतले गणित यांची गाठ इथे घालून द्यावी लागते.

त्यासाठी अष्टाचंगा हा पत्त्यांपेक्षा चांगला खेळ आहे. परीक्षेत ५२ पत्त्यांवरचे प्रश्न हमखास येतात; पण ज्या घरात पत्त्यांना हात लावू देत नाहीत, तिथल्या मुलीला इस्पिक, किलवर आणि १२ चित्रयुक्त पत्ते पाठ करावे लागतात. फोडलेले चिंचोके कुणाच्याही अंगणात सापडतात. चार फोडी टाकल्या की जितक्या पांढऱ्या बाजू वर, तितके दान; एकही पांढरी नसेल तर आठ. दाने पाचच: १, २, ३, ४ आणि ८. म्हणून प्रत्येकाची संभाव्यता १/५ असे वाटते, पण ते खरे नाही. प्रत्येक फोड दोन तऱ्हांनी पडू शकते, म्हणून चार फोडींच्या एकूण निष्पत्ती १६. दोन पांढऱ्या सहा तऱ्हांनी पडतात, एक किंवा तीन प्रत्येकी चार तऱ्हांनी, तर चार आणि आठ एकेकाच तऱ्हेने. म्हणजे दोनाची संभाव्यता ६/१६, आठाची १/१६.

यातही एक गृहीत आहे. फोडीची पांढरी बाजू सपाट आणि तपकिरी बाजू फुगीर असल्याने दोन्ही बाजू सारख्याच वेळा पडतील असे नाही. ते ठरवायचे तर फोड पुष्कळदा टाकून मोजलेच पाहिजे. फ्रान्सच्या बुफाँने नाणे ४,०४० वेळा उडवले, तेव्हा छापा २,०४८ वेळा पडला. प्रयोग वाढवत गेले की मिळालेले प्रमाण खऱ्या संभाव्यतेजवळ येते, याची सिद्धता स्विस गणिती याकोब बर्नुलीच्या १७१३ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात आहे. जुगाराच्या डावांवरून पास्कल आणि फेर्मा या फ्रेंच गणितींचा पत्रव्यवहार १६५४ साली झाला. या शास्त्राची सुरुवात तिथून मानतात.

मोजून काढलेल्या संभाव्यतेचा घरोघरी होणारा प्रयोग म्हणजे सोयाबीनची उगवणशक्ती तपासणे. पोत्याच्या वरून, मधून आणि तळातून बियाणे घेऊन १०० दाणे ओल्या गोणपाटावर ओळीने मांडतात, गुंडाळून सावलीत ठेवतात आणि पाच-सहा दिवसांनी चांगले कोंब मोजतात. ७४ उगवले तर एक दाणा उगवण्याची संभाव्यता अंदाजे ०.७४. प्रमाणित बियाण्याला किमान ७० टक्के उगवण लागते. त्याहून कमी भरली तर एकरी बियाणे वाढवतात. त्याच पोत्यातले दुसरे १०० दाणे मांडले तर ६९ उगवू शकतात, ७८ही. म्हणून एका शंभरावर न थांबता तीन-चार शंभर मांडून सरासरी काढावी. आठवीच्या मुलांनाही हा प्रयोग वर्गात करता येतो, आणि तो करवून घ्यावाच.

कपाशी टोबताना काही जण एका जागी दोन दाणे टाकतात. एक दाणा न उगवण्याची संभाव्यता ०.२ असेल, तर दोन्ही न उगवण्याची ०.२ × ०.२ = ०.०४. शंभर जागांपैकी सरासरी चारच रिकाम्या राहतील आणि नांग्या, म्हणजे न उगवलेल्या जागा, पुन्हा कमी भराव्या लागतील. पण हा गुणाकार घटना स्वतंत्र असतील तेव्हाच बरोबर ठरतो. पेरणीनंतर पावसाने दडी मारली तर एकाच जागचे दोन्ही दाणे एकाच कोरड्या मातीत असतात. एक गेला की दुसराही बहुधा जातो, आणि रिकाम्या जागा चाराहून कितीतरी जास्त निघतात. स्वतंत्र घटना आणि सशर्त संभाव्यता (एक घटना घडली हे ठाऊक असताना दुसरीची संभाव्यता) हा भाग अकरावीत येतो.