लैंगिक अत्याचार, दोषारोप आणि लिंगभाव

लैंगिक अत्याचारानंतर गुन्ह्याचे कारण आरोपीऐवजी पीडित व्यक्तीच्या वागण्यात शोधण्याची प्रवृत्ती सर्वत्र आढळते. पीडित स्त्री आहे की पुरुष आणि मत देणारे कोण, यांनुसार हा दोषारोप बदलतो. स्त्रीला ‘तिथं कशाला गेली होती?’ असे विचारतात, पुरुषाला ‘बाप्या असून प्रतिकार कसा केला नाही?’ असे. पहिल्या प्रश्नात तिची अब्रू तपासली जाते, दुसऱ्यात त्याची मर्दानगी.

जग न्याय्य आहे, वाईट घडले तर काहीतरी चुकले असणारच, या समजुतीचा अभ्यास मानसशास्त्रज्ञ मेल्विन लर्नर यांनी केला. बलात्काराविषयीचे गैरसमज मोजण्याची पट्टी संशोधक मार्था बर्ट यांनी १९८० मध्ये मांडली. अनेक अभ्यासांत स्त्रियांच्या तुलनेत पुरुष हे पीडितेला अधिक दोष देताना दिसतात. सर्वच अभ्यासांत मात्र असा फरक आढळत नाही. स्त्री-पुरुष भूमिकांविषयी माणसाची मते किती कर्मठ आहेत, यावर बरेच अवलंबून असते. ‘एका हाताने टाळी वाजत नाही’ हे सासू, जाऊ, शेजारीणही म्हणतातच.

सोलापुरात या प्रश्नाला कामाचा संदर्भ आहे. शहरात विड्या वळणाऱ्या बायकांची संख्या मोठी आहे. त्या घरी विड्या वळतात आणि कारखान्यात नेऊन देतात. यंत्रमाग आणि टॉवेलच्या कारखान्यांतही बायका राबतात. ज्यांचे पोट बाहेर पडण्यावर चालते, त्यांना ‘बाहेर का पडलीस’ असे विचारणे निरर्थक आहे. दहापेक्षा कमी कामगारांच्या ठिकाणांसाठी कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने जिल्हा पातळीवर तक्रारी ऐकणाऱ्या स्थानिक समितीची तरतूद केली आहे. शहराच्या पूर्व भागात तेलुगू बोलणारी कुटुंबे पुष्कळ. तेलुगूत सांगितलेला प्रसंग मराठीत नोंदवताना दुभाषा गल्लीतलाच असेल, तर गल्लीची मतेही जबाबात उतरू शकतात. हा मुद्दा क्वचितच कोणी काढते.

न्यायालयेही यापासून अलिप्त नव्हती. १९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर झालेल्या बलात्काराच्या प्रकरणात सत्र न्यायालयाने मुलीच्या पूर्वचारित्र्याचा आधार घेतला; सर्वोच्च न्यायालयाने अंगावर जखमा नाहीत, याला महत्त्व देऊन पोलिसांना निर्दोष सोडले. चार कायदेतज्ज्ञांनी १९७९ मध्ये या निकालाविरुद्ध खुले पत्र लिहिले आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने न्यायाधीशांनी पीडितेच्या कपड्यांवर वा वागण्यावर शेरे मारू नयेत, असे बजावले. २०२२ मध्ये पीडितेला लैंगिक संबंधांची सवय आहे का हे पाहणारी ‘दोन बोटांची चाचणी’ करणारे डॉक्टर गैरवर्तनाचे दोषी ठरतील, असे स्पष्ट केले.

पुरुषांबाबत कायदा अजून अपुरा आहे. बालकांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा २०१२ चा पॉक्सो कायदा मुलगा-मुलगी भेद करत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत मात्र बलात्काराची व्याख्या स्त्री पीडितेपुरतीच आहे आणि पुरुषावरील लैंगिक अत्याचारासाठीही वापरता येणाऱ्या, ‘अनैसर्गिक’ संभोगाविषयीच्या जुन्या कलम ३७७ ची जागा कोणत्याही कलमाने घेतलेली नाही. त्यामुळे अत्याचार झालेल्या प्रौढ पुरुषाला मारहाण, दुखापत अशा किरकोळ वाटणाऱ्या कलमांखालीच तक्रार द्यावी लागते.