फातोर्डा स्टेडियम

फातोर्डा स्टेडियम : गोव्यातील सासष्टी तालुक्यात, मडगाव शहराच्या फातोर्डा भागात असलेले क्रीडांगण. अधिकृत नाव पंडित जवाहरलाल नेहरू स्टेडियम. पण नेहरूंच्या नावाची मैदाने देशभर असल्यामुळे गोव्यात ते नाव फारसे रुळले नाही. ‘फातोर्ड्याला मॅच आहे’ एवढे म्हटले की पुरते. मालकी राज्याच्या क्रीडा प्राधिकरणाकडे आहे. एफसी गोवा या फुटबॉल संघाचे हे २०१४ पासूनचे घरचे मैदान.

गोव्यात फुटबॉल कोणी आणला, याचे उत्तर सहसा एका नावावर येऊन थांबते : शिवोलीत १८८३ च्या सुमारास आलेले फादर विल्यम रॉबर्ट लायन्स. पुढे हडफड्याच्या शाळेत त्यांनी हा खेळ शिक्षणाचा भाग केला, असे सांगतात. दुसरे मत मुंबईकडे बोट दाखवते. तिथल्या कुडांत, म्हणजे गोवेकरांच्या सामूहिक वसतिगृहांत, राहणारे खलाशी व नोकरदार गोवेकर सुट्टीला गावी येत, त्यांच्याबरोबर खेळही आला असावा. दोन्ही मते एकमेकांना छेद देत नाहीत. लायन्स यांचे श्रेय पहिल्या शाळेपुरते मानणे आणि वाड्यावाड्यांवरच्या प्रसारासाठी परतणाऱ्या चाकरमान्यांकडे पाहणे अधिक सयुक्तिक वाटते. चर्चची पटांगणे व कापणीनंतर रिकामी होणारी शेते ही या खेळाची आद्य मैदाने. गोव्याची फुटबॉल संघटना पोर्तुगीज अमदानीच्या अखेरीस, १९५९ मध्ये स्थापन झाली. फातोर्ड्याचे स्टेडियम मात्र त्यानंतर तीस वर्षांनी आले.

स्टेडियम १९८९ चे. ते सुमारे सहा महिन्यांत उभे राहिले, अशी नोंद बहुतेक ठिकाणी आढळते. हा काळ प्रत्यक्ष बांधकामाचा धरावा. जमीन मिळवणे व आखणी त्यात मोजलेली नसावी. नेहरू जन्मशताब्दीचे ते वर्ष होते, नामकरणाचा संबंध त्याच्याशीच असणार. येथे आंतरराष्ट्रीय क्रिकेटही खेळले गेले, हे अनेकांना ठाऊक नसते : २५ ऑक्टोबर १९८९ रोजी नेहरू चषकात ऑस्ट्रेलियाने श्रीलंकेला येथे एकदिवसीय क्रिकेट सामन्यात हरवले. २४ ऑक्टोबर २०१० चा भारत-ऑस्ट्रेलिया सामना पावसामुळे एकही चेंडू न टाकता रद्द झाला आणि त्यानंतर आंतरराष्ट्रीय क्रिकेट येथे परतले नाही.

फुटबॉल व क्रिकेट अशा या दुहेरी जन्माचा परिणाम रचनेत दिसतो. फुटबॉलचे मैदान १०५ मीटर लांब व ६८ मीटर रुंद. क्रिकेटचे वर्तुळ साधारण १३० मीटर किंवा अधिक व्यासाचे. अशा वर्तुळात आयत बसवला की दोन्ही बाजूंना तीसेक मीटर जागा मोकळी राहते आणि प्रेक्षक खेळापासून दूर जातो.

क्षमतेचे आकडे जुळत नाहीत. जुन्या नोंदींत ते सत्तावीस हजारांपासून पस्तीस हजारांपर्यंत जातात. नूतनीकरणानंतर एकोणीस हजारांच्या आसपास सांगितले जातात, आणि २०१७ च्या विश्वचषकासाठी त्याहूनही कमी धरले गेले. जागा घटली म्हणजे बांधकाम पाडले असे नव्हे. पायऱ्यांवर दाटीवाटीने बसणाऱ्यांचा अंदाज आणि बोल्ट मारलेल्या खुर्च्यांची मोजणी यांची तुलना करणेच मुळात चुकीचे.

नूतनीकरणाचे मोठे काम लुसोफोनिया क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने झाले. पोर्तुगीजभाषी प्रदेशांच्या या स्पर्धा नोव्हेंबर २०१३ मध्ये व्हायच्या होत्या. मैदानांची तयारी अपुरी राहिल्याने त्या १८ ते २९ जानेवारी २०१४ अशा पुढे गेल्या. त्याच वर्षी इंडियन सुपर लीग ही क्लब संघांची फुटबॉल स्पर्धा सुरू झाली, म्हणजे नव्या खुर्च्यांना भाडेकरूही लगेच मिळाला. पुढची डागडुजी १७ वर्षांखालील मुलांच्या विश्वचषकासाठी झाली. ऑक्टोबर २०१७ मधील त्या स्पर्धेत इराणने जर्मनीला ४-० असे येथेच हरवले, आणि उपांत्यपूर्व फेरीत अमेरिकेला ४-१ ने नमवणाऱ्या इंग्लंडने पुढे चषक जिंकला.

त्याआधी १९९९ ची दक्षिण आशियाई फुटबॉल स्पर्धा गोव्यात झाली. अंतिम सामन्यात भारताने बांगलादेशला २-० ने हरवले. सुपर लीगचे अंतिम सामने येथे २०१५, २०२०, २०२१, २०२२ व २०२३ मध्ये झाले. पहिल्यात एफसी गोवा चेन्नईयनकडून ३-२ ने हरला, तर १४ मार्च २०२० चा सामना महासाथीमुळे रिकाम्या खुर्च्यांसमोर झाला. २०२०-२१ चा पूर्ण हंगाम फातोर्डा, बांबोळी व वास्कोचे टिळक मैदान या तीन ठिकाणी प्रेक्षकांविना उरकला. एप्रिल २०२१ मध्ये एफसी गोवा येथे आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटफेरीत खेळला. भारतीय क्लबची ती पहिलीच वेळ. २०२२ मध्ये १७ वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचे दोन्ही उपांत्य सामने, आणि २६ ऑक्टोबर २०२३ रोजी ३७ व्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांचे उद्घाटन येथेच झाले.