संध्याकाळची कॉफी आणि झोपेचा दाब

"मी रात्री जेवण झाल्यावर कॉफी पितो आणि तरीही दहा मिनिटांत झोपतो, मला कॅफीनचा त्रास होतच नाही," असं सांगणारी माणसं सगळीकडे भेटतात. त्यांचं निरीक्षण खरं असतं, पण निष्कर्ष चुकतो. पटकन झोप लागली म्हणजे झोप चांगली झाली, हा झोपेबद्दलचा सगळ्यांत चिवट गैरसमज आहे. दिवसभराचा थकवा कॅफीनला न जुमानता डोळे मिटायला लावू शकतो. त्यानंतरच्या सात तासांत मेंदूत काय घडतं, हे झोपलेल्या माणसाला कळायला मार्ग नसतो. त्यासाठी डोक्यावर इलेक्ट्रोड लावून मेंदूच्या लहरी मोजाव्या लागतात.

झुरिकच्या संशोधकांनी १९९५ साली हेच मोजलं. निरोगी तरुणांना त्यांनी सकाळी सातच्या सुमारास २०० मिलिग्रॅम कॅफीन दिलं. एवढं कॅफीन साधारण दोन कप फिल्टर कॉफीत असतं. त्याच रात्री, म्हणजे जवळपास सोळा तासांनी, त्यांच्या झोपेची नोंद घेतली. झोप किंचित कमी झाली होती आणि गाढ झोपेतल्या मंद लहरींचं बळही घटलं होतं. फरक लहान होता, पण होता, आणि तोही सकाळच्या कॉफीने पडला होता. २०१३ च्या एका प्रयोगात झोपायच्या सहा तास आधी ४०० मिलिग्रॅम कॅफीन दिलं गेलं. त्या रात्री एकूण झोप तासाभराहून अधिक घटली.

हे का होतं ते समजून घेतलं, की झोपमोडीची निम्मी कारणं आपोआप उलगडतात. म्हणून यामागच्या ॲडेनोसिन नावाच्या एका रेणूवर थोडं रेंगाळतो.

जागेपणी मेंदूत काहीतरी साठत जातं आणि झोपेत ते उतरतं, ही कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जपानमध्ये कुनिओमी इशिमोरी आणि पॅरिसमध्ये रने लजाँद्र व आंरी पिएराँ यांनी, एकमेकांची खबर नसताना, जवळपास सारखेच प्रयोग केले. कुत्र्यांना कित्येक दिवस जागं ठेवायचं, त्यांच्या मेंदूतला अर्क किंवा मेंदूभोवतालचा द्रव काढायचा आणि तो ताज्यातवान्या कुत्र्यांना टोचायचा. ती ताजी कुत्री झोपून गेली. प्रयोग क्रूर होता, पण त्यातून निघालेला प्रश्न अस्सल होता: त्या द्रवात होतं तरी काय?

या प्रश्नाला एकच उत्तर नाही, कारण झोप आणणारे रेणू अनेक आहेत. त्यातला सर्वांत चांगला अभ्यासलेला रेणू म्हणजे ॲडेनोसिन. शाळेच्या पुस्तकात एटीपी भेटलेलं असतं: ॲडेनोसिनला तीन फॉस्फेट जोडलेले. पेशीला ऊर्जा लागली की ती फॉस्फेट तोडते. शरीराच्या वजनात मेंदूचा वाटा दोन टक्के, पण विश्रांतीच्या वेळी खर्च होणाऱ्या ऊर्जेतले वीस टक्के तो एकटा वापरतो. म्हणजे हे फॉस्फेट तोडणं तिथे अखंड चालू असतं. शिवाय चेतापेशी आणि त्यांच्या सोबतच्या ग्लिया पेशी थोडं एटीपी बाहेरही सोडतात आणि तिथली विकरं (एन्झाइम) त्याचे तुकडे करतात. शेवटी उरतं ते ॲडेनोसिन. जितका वेळ जागं राहावं आणि मेंदूकडून जितकं काम करून घ्यावं, तितकं हे पेशींच्या मधल्या जागेत साठत जातं. १९९७ मध्ये तार्या पोर्का-हाइस्कानेन आणि रॉबर्ट मॅकार्ली यांच्या गटाने मांजरांच्या मेंदूच्या तळाजवळच्या भागात अतिसूक्ष्म नळी ठेवून ते प्रत्यक्ष मोजलं. मांजर सहा तास जागं ठेवलं तेव्हा ॲडेनोसिन चढत गेलं आणि झोपू दिल्यावर ओसरलं. मला हा प्रयोग फार सुंदर वाटतो. 'झोप येणं' या अगदी खाजगी अनुभवाला तिथे मोजता येणारा आकडा मिळाला.

साठलेलं ॲडेनोसिन करतं काय? चेतापेशींच्या पृष्ठभागावर त्याचे रिसेप्टर, म्हणजे त्याला पकडणाऱ्या जागा, असतात. झोपेच्या दृष्टीने त्यातले दोन महत्त्वाचे, ए१ आणि ए२ए. ए१ ला ॲडेनोसिन चिकटलं की पेशीच्या आत निरोप पोहोचवणारा सायक्लिक एएमपी हा रेणू घटतो, पोटॅशियमच्या वाहिन्या उघडतात, पेशीच्या आतली बाजू अधिक ऋणभारित होते आणि पेशी संदेश सोडेनाशी होते. हे रिसेप्टर मेंदूला जागं ठेवणाऱ्या पेशींवर असल्यामुळे त्या हळूहळू गप्प होतात. ए२ए चं काम उलट. तिथे सायक्लिक एएमपी वाढतो आणि झोपेला मदत करणाऱ्या पेशी चेतवल्या जातात. म्हणजे एकच रेणू एका हाताने जागेपण दाबतो आणि दुसऱ्या हाताने झोपेला चालना देतो. या वाढत्या ओढीला शास्त्रज्ञ झोपेचा दाब म्हणतात.

कॅफीनच्या रेणूची वलयं ॲडेनोसिनमधल्या ॲडेनीनसारखीच, प्युरीन कुळातली. त्यामुळे ते याच रिसेप्टरांत बसतं, पण त्यांना कामाला लावत नाही. बसच्या सीटवर रुमाल टाकून जागा अडवावी तसं: रुमाल प्रवास करत नाही, पण खऱ्या प्रवाशाला बसूही देत नाही. २००५ मध्ये उंदरांवर झालेल्या प्रयोगात ए२ए रिसेप्टर नसलेल्या उंदरांना कॅफीन जागं ठेवू शकलं नाही. ए१ नसलेल्या उंदरांना मात्र ठेवू शकलं. अडवली जाणारी कळीची जागा ए२ए आहे, हे त्यातून दिसलं.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. कॅफीन थकवा घालवत नाही. ॲडेनोसिन साठतच राहतं, फक्त त्याचा निरोप पोहोचत नाही. यकृतातलं सीवायपी१ए२ हे विकर कॅफीनचं विघटन करतं. रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायला सरासरी पाच तास लागतात, पण माणसामाणसांत हा काळ दोन तासांपासून नऊ-दहा तासांपर्यंत बदलतो. धूम्रपानाने तो घटतो, गर्भनिरोधक गोळ्यांनी जवळपास दुप्पट होतो आणि गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत आणखी लांबतो. सरासरी माणसाचा हिशोब घ्या. संध्याकाळी पाच वाजता २०० मिलिग्रॅम घेतलं, तर रात्री दहाला १०० उरतं आणि पहाटे तीनला ५०. म्हणजे पहाटे तीनला अर्ध्या कपाइतकं कॅफीन अजून रिसेप्टर अडवत असतं. डोळे मिटलेले असतात, पण झोपेच्या खोलीवर त्याचा परिणाम चालूच राहतो.

दाबाइतकीच दुसरी गोष्ट महत्त्वाची आहे ती जैविक घड्याळाची. झोप केवळ दाबावर चालत असती, तर रात्रभर जागलेला माणूस सकाळी दहाला सर्वांत जास्त झोपाळू असता. प्रत्यक्षात पहाटे चारला डोळे उघडे ठेवणं जास्त कठीण जातं आणि सकाळी थोडी तरतरी येते, झोप मिळालेली नसतानाही. हे काम मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसमधल्या सुमारे वीस हजार पेशींच्या गटाचं, सुप्राकायाझमॅटिक न्यूक्लियसचं. त्यांच्या जनुकांत स्वतःला चालू-बंद करणारं जवळपास चोवीस तासांचं चक्र चालतं. त्यामागची यंत्रणा फळमाश्यांत उलगडणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ चं नोबेल मिळालं. दाब आणि घड्याळ या दोन प्रक्रिया एकत्र मांडून झोपेचं गणित बसवलं ते आलेक्सांडर बोर्बेली यांनी, १९८२ मध्ये. तेही झुरिकचेच, आणि वर सांगितलेल्या १९९५ च्या प्रयोगातही सहभागी होते.

हे दोन-प्रक्रियांचं चित्र डोळ्यांसमोर ठेवलं की नेहमीच्या तक्रारींचा अर्थ लागतो. 'पहाटे तीनला जाग येते आणि मग झोपच लागत नाही' ही त्यातली एक. गाढ झोपेचा मोठा हिस्सा रात्रीच्या पूर्वार्धात होतो, कारण तेव्हा दाब सर्वाधिक असतो. उत्तरार्धापर्यंत तो बराच उतरलेला असतो आणि झोप मुख्यतः घड्याळाच्या आधारावर टिकते. रात्रीत काही वेळा क्षणभर जाग येणं सगळ्यांनाच होतं, बहुतेक वेळा ते आठवतही नाही. पण दाब उतरलेला असताना लघवीची भावना, बाहेरचा आवाज किंवा खोलीतला उकाडा एवढं छोटं कारणही पूर्ण जागं करायला पुरतं. मद्य याच ठिकाणी दगा देतं. प्राण्यांवरच्या प्रयोगांत मद्याने पेशींबाहेरचं ॲडेनोसिन वाढलेलं दिसतं, म्हणून सुरुवातीला झोप पटकन लागते. पण ते शरीरातून उतरत जातं तशी उत्तररात्रीची झोप तुकड्यातुकड्यांची होते. पूर्वार्धातली स्वप्नांची झोपही त्याने दबते. 'झोप येण्यासाठी थोडी घेतो' या सवयीचा हिशोब म्हणून तोट्याचा.

दुसरी तक्रार: 'उद्या लवकर उठायचंय म्हणून नऊलाच आडवा झालो, तर तासभर कूस बदलत राहिलो.' यात इच्छाशक्तीचा काही संबंध नाही. नेहमीच्या झोपेच्या वेळेआधीचे दोन-तीन तास घड्याळ जागेपणाला सर्वाधिक जोर लावत असतं. वाढलेल्या दाबाला तोंड देऊन दिवसाच्या शेवटपर्यंत आपल्याला उभं ठेवायचं असतं म्हणून. पेरेत्झ लाव्ही यांनी १९८६ मध्ये या काळाला झोपेचा निषिद्ध पट्टा म्हटलं. तो संपत आला की रात्रीची चाहूल देणारं मेलाटोनिन हे संप्रेरक वाढलेलं असतं, शरीराचं तापमान उतरायला लागतं आणि झोपेचं दार उघडतं. उशिरापर्यंतचा झगझगीत प्रकाश हे दार उघडणंच पुढे ढकलतो, कारण दृष्टिपटलातल्या काही पेशी निळसर प्रकाश टिपून थेट या घड्याळाला कळवतात. मोबाईलपेक्षा खोलीतले दिवे आणि दिवसभर न मिळालेलं ऊन यांचा हिशोब आधी करावा, असं माझं मत आहे. पाळीपाळीने रात्रपाळी करणाऱ्यांचं दुखणं तर या दोन प्रक्रियांची कायमची फारकत आहे. त्यांना 'लवकर झोपत जा' असं सांगणं निरर्थक आहे.

याच संदर्भात एका भीतीबद्दल बोलायला हवं. पहाटे जाग येते, डोळे उघडतात, पण हातपाय हलत नाहीत, छातीवर कोणीतरी बसल्याचा स्पष्ट भास होतो. जगभरच्या समाजांनी याला भूत, चेटकीण, सैतान अशी नावं दिली आहेत आणि त्यावर उतारे सांगणाऱ्यांचा धंदाही चालला आहे. स्वप्नांच्या झोपेत मेंदू स्नायूंना मुद्दाम शिथिल ठेवतो, म्हणजे आपण स्वप्नातली धावपळ अंथरुणात करत नाही. क्वचित जागेपण आधी येतं आणि ही शिथिलता काही सेकंद किंवा एखाद-दोन मिनिटं मागे राहते. अपुरी आणि अनियमित झोप, उताणं झोपणं यांनी ते वाढतं. यात बाहेरचं कोणी नसतं. मुलांना हे वेळेत सांगितलं तर कितीतरी रात्री भीतीपासून वाचतील. मनगटावरच्या घड्याळांनी दाखवलेल्या 'गाढ झोपेच्या' आकड्यांनी घाबरणंही थांबवायला हवं. ती यंत्रं हालचाल आणि नाडीवरून अंदाज बांधतात, मेंदूच्या लहरी त्यांना दिसत नाहीत.

काही कारणं मात्र या दोन-प्रक्रियांच्या बाहेरची आहेत आणि त्यांच्यापुढे सवयी सुधारून भागत नाही. 'घोरतो म्हणजे गाढ झोपलाय' हा समज धोक्याचा आहे. घशाचा मार्ग मिटून श्वास दहा सेकंद किंवा त्याहून जास्त थांबतो, मेंदू क्षणभर जागा होतो, श्वास सुरू होतो, पुन्हा थांबतो. तासाला तीस किंवा त्याहून अधिक वेळा असं होत असेल तर स्लीप ॲप्निया तीव्र मानला जातो. माणसाला आठवतं फक्त एवढंच की आठ तास झोपूनही दिवसभर पेंगतो आहे. १९८१ मध्ये कॉलिन सलिव्हन यांनी नाकावाटे हलक्या दाबाची हवा देऊन हा मार्ग उघडा ठेवता येतो हे दाखवलं आणि तो उपचार आजही उत्तम चालतो. पायांत रात्री होणारी असह्य चुळबुळ काहींना लोहाच्या कमतरतेमुळे होते, ती रक्ततपासणीत सापडते.

आणि मग खरा, महिनोन् महिने चालणारा निद्रानाश. त्याची सुरुवात ताणाने, आजारपणाने, शोकाने होते. तो टिकतो मात्र बऱ्याचदा वेगळ्याच कारणाने. झोप कमी पडते म्हणून माणूस लवकर आडवा होतो, सकाळी उशिरापर्यंत लोळतो, दुपारी भरपाई करतो. या प्रत्येक उपायाने जागेपणाचे तास घटतात, ॲडेनोसिन कमी साठतं आणि रात्री दाबच उरत नाही. भर म्हणजे अंथरूण आणि तळमळ यांची मेंदूत जोडी जमते. १९८७ मध्ये आर्थर स्पीलमन यांनी यावर उलटाच उपाय मांडला: अंथरुणातला वेळ कमी करा. पाच-साडेपाच तास झोप होत असेल तर तेवढाच वेळ अंथरुणात, उठायची वेळ रोज तीच, आणि झोप सलग व्हायला लागली की दर आठवड्याला पंधरा-वीस मिनिटांची वाढ. निद्रानाशासाठीच्या वर्तनोपचाराचा हा गाभा आहे. जुनाट निद्रानाशात गोळ्यांच्या आधी हा उपचार द्यावा, अशी शिफारस अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ मध्ये केली. पहिले एक-दोन आठवडे दिवसा पेंग अनावर होते. म्हणून वाहन चालवणाऱ्यांनी, यंत्रांवर काम करणाऱ्यांनी, तसंच अपस्मार किंवा बायपोलर विकार असलेल्यांनी तो स्वतःच्या मनाने सुरू करू नये, तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच करावा.