विन्स्लोचा नाका आणि एक अडलेलं कडवं

अमेरिकेत अ‍ॅरिझोनाच्या उत्तरेकडच्या वाळवंटी पठारावर विन्स्लो नावाचं गाव आहे. वस्ती जेमतेम नऊ-दहा हजारांची. तिथल्या एका नाक्यावर, किन्सली अव्हेन्यू आणि सेकंड स्ट्रीट जिथे मिळतात तिथे, माणसं मुद्दाम वाट वाकडी करून येतात. ब्राँझच्या गिटारवाल्याच्या खांद्यावर हात टाकतात, फोटो काढतात आणि पुढच्या प्रवासाला लागतात.

गावाची रीतच ती. विन्स्लो उभं राहिलं ते १८८०च्या दशकात आलेल्या रेल्वेमुळे. गाडी इथे थांबणार, प्रवासी जेवणार, त्यावर गावाचं पोट. १९३०मध्ये स्टेशनला लागूनच ‘ला पोसाडा’ हे देखणं हॉटेल उघडलं. मेरी कोल्टर या वास्तुरचनाकार बाईंनी ते बांधताना एका श्रीमंत स्पॅनिश घराण्याची हवेली कल्पिली होती, घराण्याच्या काल्पनिक इतिहासासकट! पण मुहूर्त महामंदीचा. पुढे रेल्वेचे प्रवासी आटले आणि १९५७मध्ये हॉटेल बंद पडलं. रूट ६६ या महामार्गाने गावाला आणखी काही वर्षं तारलं. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस नवा इंटरस्टेट ४० गावाबाहेरून गेला आणि मुख्य रस्ता ओस पडला. आपल्याकडे बायपास झाल्यावर जुन्या हायवेवरच्या ढाब्यांचं जे होतं, तेच.

ज्या गाण्यामुळे माणसं आज या नाक्यावर येतात, ते त्याआधीच येऊन गेलं होतं. लॉस एंजेलिसच्या इको पार्क भागात जॅक्सन ब्राऊन आणि ग्लेन फ्राय हे दोन गायक-गीतकार एकाच इमारतीत राहायचे. ब्राऊनचं एक गाणं दुसऱ्या कडव्यात अडलं होतं. विन्स्लोच्या नाक्यावर उभं राहण्यापर्यंत तो आला होता, पुढचं सुचेना. फ्रायने तिथे फोर्ड ट्रकमधून जाणारी, वेग कमी करून नाक्यावर उभ्या असलेल्याकडे बघणारी मुलगी आणली आणि कडवं सुटलं. मे १९७२मध्ये ‘टेक इट ईझी’ हे फ्रायच्या ईगल्स या रॉक बँडचं पहिलं सिंगल म्हणून बाजारात आलं. आपल्याकडे ईगल्स म्हटलं की ‘हॉटेल कॅलिफोर्निया’च आठवतं, ते यानंतर चार वर्षांनी आलं. गाण्यात विन्स्लोचा उल्लेख एकदाच. तेवढ्यावर गावाने १९९९मध्ये नाक्यावर छोटं उद्यान उभारलं. पुतळ्यामागच्या भिंतीवर जॉन प्यू यांनी दुकानाच्या खोट्या खिडक्या रंगवल्या आणि खिडकीच्या काचेत ट्रकमधल्या त्या मुलीचं प्रतिबिंब. म्हणजे ती मागे रस्त्यावर असल्यासारखी, आणि बघणारा चटकन वळून पाहतो. आता कडेला खरीखुरी लाल फोर्डही उभी असते, त्यामुळे वळणाऱ्याची अगदीच निराशा होत नाही.

ला पोसाडाही १९९७मध्ये नव्या मालकाने घेतलं आणि ते पुन्हा सुरू झालं. गावापासून तीसेक किलोमीटरवर उल्कापाताने झालेलं सव्वा किलोमीटर रुंदीचं विवर आहे. लोणार पाहिलेल्या माणसाला ते लहान वाटेल, शिवाय कोरडं.

२००४मध्ये नाक्यावरची इमारत आगीत गेली. चित्राची भिंत तेवढी वाचली. २०१६च्या जानेवारीत फ्राय वारला आणि त्याच वर्षी त्याचाही पुतळा तिथे बसवला. आता नाक्यावर दोघं उभे असतात.