नेपाळला कांदा पाठवायचाय? ट्रक भरण्याआधी ही कागदपत्रं बघून घ्या

लासलगाव, पिंपळगावच्या व्यापाऱ्यांना वीरगंज, भैरहवा, काठमांडूहून फोन येणं नवीन नाही. हल्ली शेतकरी उत्पादक कंपन्यांनाही येतात. भाव ठरतो, गाडी भरते, आणि चार-पाच दिवसांनी बिहारमधल्या रक्सौलच्या सीमा नाक्याहून ड्रायव्हर कळवतो की गाडी लाइनीत लागली, पण कागद चालत नाही म्हणतात. त्यानंतर नाशिकमध्ये बसून फार काही करता येत नाही. म्हणून खाली सगळी प्रक्रिया दिली असली, तरी जिथे गाड्या खरोखर अडतात तिथेच जास्त लिहिलं आहे.

नेपाळला समुद्र नाही. संयुक्त राष्ट्रांच्या यादीत असे ३२ भूवेष्टित विकसनशील देश आहेत, त्यांतले नेपाळ, भूतान आणि अफगाणिस्तान आपल्या शेजारचे. भूवेष्टित देशांच्या व्यापाराबद्दल बोलताना भाड्याचाच विचार होतो. खरी अडचण वेगळी आहे. न्हावा शेवाला एखादा कागद चुकला तर नाशिकचा माणूस सकाळी निघून दुपारपर्यंत तिथे उभा राहतो. रक्सौल दीड हजार किलोमीटरहून लांब आहे, आणि ताडपत्रीखाली तापलेला कांदा तुमची वाट बघत थांबत नाही. त्यामुळे प्रत्येक कागदाची मुदत गाडी नाशिकहून निघते त्या दिवसाची नव्हे, ती नाक्यावर पोचेल त्या दिवसाची मोजायची.

आधी एक गैरसमज. नेपाळी खरेदीदार बोलता बोलता ‘ट्रान्झिट’ म्हणतो आणि इकडे कुणीतरी ट्रान्झिटचे कागद करून देतो म्हणून पैसे उकळतो. ट्रान्झिट म्हणजे पारगमन. तिसऱ्या देशातून कोलकाता, हल्दिया किंवा विशाखापट्टणम बंदरात उतरलेला नेपाळचा माल आपल्या भूमीवरून पुढे जातो, त्याला हा शब्द लागू होतो. १९७८ पासून भारत-नेपाळ व्यापार करार आणि पारगमन करार वेगवेगळे आहेत. (१९८९ साली दोन्हींची मुदत एकदम संपली आणि बहुतेक नाके बंद झाले, तेव्हा नेपाळने काय सोसलं ते तिथली जुनी माणसं अजून सांगतात. सध्याच्या पारगमन कराराचं नूतनीकरण जून २०२३ मध्ये झालं.) तुमचा कांदा नाशिकचा आणि खाणारा नेपाळचा, म्हणजे ही साधी निर्यात झाली. ट्रान्झिट डिक्लेरेशनच्या नावाखाली कुणालाही एक रुपया देऊ नका.

पात्रता आणि नोंदणी

पॅन असलेली व्यक्ती, भागीदारी संस्था, शेतकरी उत्पादक कंपनी, सहकारी संस्था यांपैकी कुणीही निर्यात करू शकतं. त्यासाठी परकीय व्यापार महासंचालनालयाचा, म्हणजे डीजीएफटीचा, आयात-निर्यात कोड लागतो. सगळे त्याला आयईसी म्हणतात. अर्ज ऑनलाइन असून शुल्क ₹५०० आहे. पॅन, आधार, पत्त्याचा पुरावा आणि रद्द केलेला चेक एवढं असलं की काम होतं. इथे एजंटची गरज नाही.

नेपाळला आयईसी लागतच नाही, असं बाजार समितीच्या आवारात कुणी ना कुणी सांगतं. नियमात सवलत आहे, पण ती एका खेपेची सीआयएफ किंमत (माल, विमा आणि भाडं धरून) ₹२५,००० च्या आत असेल तरच. एवढ्यात सीमेवरचा किरकोळ विक्रेता हातगाडीवर माल नेतो. तुमच्या एका ट्रकमधल्या कांद्याची किंमत त्याच्या कितीतरी पट असते. मग ‘एकाच गाडीची पंधरा बिलं करा’ असा सल्ला मिळतो. तो देणारा सीमाशुल्क अधिकाऱ्यासमोर तुमच्या बाजूला उभा राहणार नाही, एवढं लक्षात असू द्या.

दुसरी अडचण अशी की आयईसी आयुष्यभराचा असला तरी दरवर्षी एप्रिल ते जून या काळात पोर्टलवर जाऊन त्यातली माहिती बरोबर असल्याची खात्री नोंदवावी लागते. पत्ता तोच, बँक तीच, काहीच बदललं नसलं तरीही. ही नोंद राहिली की कोड निष्क्रिय होतो. आपल्याकडे या तीन महिन्यांत उन्हाळ कांदा चाळीत भरायची धांदल असते, तेव्हा पोर्टल कोण उघडतो? जुलैनंतर गाडी निघते आणि कोड बंद असल्याचं थेट नाक्यावर कळतं. माहिती नोंदवली की कोड पुन्हा सुरू होतो, पण तेवढ्यात लाइनीतला तुमचा नंबर गेलेला असतो.

तिसरी गोष्ट एडी कोड, म्हणजे निर्यातीचे पैसे ज्या अधिकृत बँकेतून येणार तिचा क्रमांक. हा बँक देते, पण परकीय चलन व्यवहाराचा परवाना असलेली बँकच देऊ शकते. आपल्या तालुक्यांत बऱ्याच जणांची उलाढाल जिल्हा बँकेत किंवा पतसंस्थेत असते, आणि आयईसीलाही त्यांनी तेच खातं जोडलेलं असतं. तिथल्या साहेबांना एडी कोडचं पत्र मागितलं की ते प्रेमाने चहा पाजतात, पत्र मात्र देऊ शकत नाहीत. चालू खातं अधिकृत बँकेत उघडा आणि आयईसीमध्ये आधी ते बदलून घ्या. हे काम माल ठरल्यावर नको, महिनाभर आधी. एडी कोड सीमाशुल्काच्या आइसगेट पोर्टलवर नोंदवताना तुमची गाडी ज्या नाक्यावरून जाणार त्याच नाक्यासाठी तो मंजूर झालाय का ते तपासा. द्राक्षांसाठी न्हावा शेवाला केलेल्या नोंदणीवर रक्सौलचं काम झालं, असं गृहीत धरू नका.

पॅनवर स्वतःचं नाव आधी, बँकेत आडनाव आधी, असं असेल तर ते आताच एकसारखं करून घ्या. अपेडाचं, म्हणजे शेतमाल निर्यातीसाठीच्या केंद्र सरकारच्या संस्थेचं, नोंदणी-सदस्यत्व प्रमाणपत्र ऑनलाइन मिळतं, त्यात फारसं काही अडत नाही. ताज्या कांद्यावर जीएसटी नाही. व्यापारी म्हणून बेदाणा पाठवणार असाल, तर मात्र एलयूटी, म्हणजे जीएसटी न भरता निर्यात करण्याचं हमीपत्र, दर आर्थिक वर्षी नव्याने भरावं लागतं. मागच्या वर्षीचं ३१ मार्चला संपतं.

फायटो: सगळ्यात जास्त गाड्या इथे अडतात

फायटोसॅनिटरी प्रमाणपत्र म्हणजे मालात कीड-रोग नाही याचा सरकारी दाखला. तो इथेच कृषी खात्याच्या अधिकृत अधिकाऱ्याकडून मिळतो. ऑनलाइन अर्ज, मालाची तपासणी, मग प्रमाणपत्र. हा क्रम सगळ्यांना माहीत असतो, पण त्याच्या आधीची पायरी सुटते.

नेपाळच्या वनस्पती संरक्षण कायद्यानुसार तिकडच्या आयातदाराने माल निघण्याआधी त्यांच्या क्वारंटाइन खात्याकडून प्रवेश परवाना घ्यायचा असतो. मालाबद्दलच्या अटी त्या परवान्यात लिहिलेल्या असतात, आणि त्या आपल्या फायटोमध्ये ‘अतिरिक्त घोषणा’ म्हणून जशाच्या तशा याव्या लागतात. खरेदीदार म्हणतो, ‘तुम्ही गाडी सोडा, पोचेपर्यंत परवाना होतो.’ होतोही कधी कधी. पण तोवर तुमचा फायटो छापून झालेला असतो, त्यात त्या अटी नसतात, आणि दुरुस्तीचा फायटो नाशिकहूनच निघतो. तिकडचा परवाना हातात आल्याशिवाय इकडे अर्ज करू नका. खरेदीदार कितीही जुना असला तरी.

परवान्यावरची तारीख नीट वाचा. आकडे देवनागरी, महिन्यांची नावं ओळखीची, त्यामुळे आपण सहज वाचतो आणि तिथेच फसतो. नेपाळचं सरकारी काम विक्रम संवतावर चालतं, पण त्यांचे महिने आपल्यासारखे अमावस्येला संपत नाहीत, ते संक्रांतीपासून संक्रांतीपर्यंत सौर असतात. त्यांचा श्रावण साधारण १६-१७ जुलैला लागतो. ‘भदौ मसान्त’ म्हणजे भाद्रपदअखेर, त्यांच्याकडे सप्टेंबरच्या मध्याला. आपला माणूस सर्वपित्री अमावस्येपर्यंत मुदत आहे असं धरून बसतो. ज्येष्ठासारखा अधिक मास आलेल्या वर्षी हा फरक तीन आठवड्यांहून जास्त होतो. आयातदाराकडून इंग्रजी तारीख लेखी मागवा आणि ती परवान्याच्या झेरॉक्सवर पेनाने लिहून ठेवा.

तपासणीला माल दाखवताना मुळ्या छाटलेल्या आणि माती झटकलेली असू द्या. मातीचं ढेकूळ फायटोच्या नियमात बसत नाही. पावसाळ्यानंतरच्या लाल कांद्याला हा त्रास जास्त होतो. कीटकनाशक फवारणीच्या नोंदीही सोबत ठेवा. जून २०१९ मध्ये नेपाळने भारतीय भाजीपाला-फळांसाठी अचानक कीटकनाशक अंश तपासणी सक्तीची केली होती. नाक्यावर पुरेशा प्रयोगशाळा नव्हत्या, गाड्या रांगेत उभ्या राहिल्या, आणि जुलैच्या सुरुवातीला निर्णय मागे घ्यावा लागला. असं पुन्हा झालं तर निदान दाखवायला काहीतरी हाताशी असेल.

नाक्यावर

रस्त्याने जाणाऱ्या मालाला कायद्याच्या भाषेत शिपिंग बिल नव्हे, बिल ऑफ एक्स्पोर्ट (सीमाशुल्क खात्याला द्यायचं निर्यातीचं घोषणापत्र) लागतं. ते नाक्यावरचा कस्टम ब्रोकर भरतो. त्याला बाजार समितीची हिशोबपट्टी पाठवून उपयोग नाही. इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, फायटो, उत्पत्ती प्रमाणपत्र (माल भारतातलाच असल्याचा दाखला) आणि नेपाळी आयातदाराचे पॅन व एक्झिम कोड (तिकडचा आयात-निर्यात कोड), एवढं पाठवायचं. आयातदाराचं नाव सगळीकडे अक्षरशः एकच हवं. परवाना ‘ट्रेडर्स’च्या नावाने आणि इन्व्हॉइस ‘ट्रेडिंग’च्या नावाने असेल, तर पलीकडच्या भन्सार (सीमाशुल्क) कार्यालयात ती दोन वेगळी माणसं ठरतात.

गोण्यांची संख्या हे आणखी एक दुखणं. फायटोवर ५०० गोण्या आणि गाडीत ४९७. तीन वाटेत फाटल्या, ड्रायव्हरने सडका माल ढाब्यावर टाकून दिला. त्याने केलं ते बरोबरच, पण कागदावर तीन गोण्या गायब होतात आणि खुलासा तुम्हाला द्यावा लागतो. ड्रायव्हरला आधीच बजावून ठेवा: फाटलेली गोणीसुद्धा नाक्यापर्यंत न्यायची.

भारतातून जाणाऱ्या प्राथमिक शेतमालाला व्यापार करारानुसार नेपाळात मूळ सीमाशुल्काची माफी आहे. उत्पत्ती प्रमाणपत्र लागतं ते यासाठी. ते डीजीएफटीच्या पोर्टलवरून मिळतं. तरीही कृषी सुधारणा शुल्क तिथे भरावं लागतं, आणि इतर करही बदलत राहतात. नेपाळचा अर्थसंकल्प दरवर्षी मेअखेर मांडला जातो. २०२३ मध्ये त्याच दिवशी आयात कांदा-बटाट्यावर १३ टक्के व्हॅट लागला आणि वाटेतल्या मालावरून खरेदीदार-विक्रेत्यांत वाद सुरू झाले. तिकडचा कोणताही कर आयातदार भरेल, हे सौद्याच्या कागदावर लिहून घ्या. फोनवरचा शब्द मेअखेर टिकत नाही.

आपल्याच सरकारची अधिसूचना

हे लिहिताना संयम ठेवणं कठीण जातं. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क आलं, ८ डिसेंबर २०२३ पासून थेट बंदी, मे २०२४ मध्ये बंदी उठून किमान निर्यात मूल्य आणि शुल्क, सप्टेंबर २०२४ मध्ये शुल्क २० टक्के, आणि १ एप्रिल २०२५ पासून ते रद्द. बंदीच्या काळात सरकारने भूतानसाठी ५५० टनांची परवानगी दिली. एप्रिल २०२४ मध्ये ज्या सहा देशांना मिळून ९९,१५० टनांची मुभा जाहीर झाली, त्या यादीत नेपाळ नव्हता.

डिसेंबर २०२३ च्या अधिसूचनेत वाटेतल्या मालाला सवलत होती, पण ती बहुतांश जहाजाच्या हिशोबाने लिहिलेली. जहाजावर लोडिंग सुरू झालेलं असेल, किंवा माल सीमाशुल्क खात्याच्या ताब्यात दिलेला असेल, तर तो सुटला. जबलपूरच्या पुढे धावणारा ट्रक यात कुठेच बसत नाही. बंदराकडे निघालेला माल काही तासांत ताब्यात जातो, नेपाळचा माल कित्येक दिवस महामार्गावर असतो. लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर तो नव्हता, इतकंच. म्हणून गाडी भरायच्या सकाळी डीजीएफटीची वेबसाइट उघडून बघा. राजकीय वातावरण तापलेलं असेल, सणवार जवळ असतील, किरकोळ भाव चढत असतील, तर एकदम पाच गाड्या सोडू नका.

पैसे

नेपाळशी व्यवहार भारतीय रुपयांत होतो. त्यांचा रुपया १९९३ पासून आपल्या १०० ला १६० या दराने बांधलेला आहे, त्यामुळे विनिमय दराची चिंता नाही. चिंता आहे ती रोखीची. ‘नाक्यावर माणूस रोख देईल’ हा प्रस्ताव सोयीचा वाटतो, पण बँकेतून पैसे आले नाहीत तर निर्यात झाल्याचा पुरावा अर्धाच राहतो आणि बुडाले तर तक्रार कुणाकडे करणार? पहिल्या दोन-चार व्यवहारांत आगाऊ रक्कम किंवा एलसी (बँकेचं हमीचं पतपत्र) याशिवाय गाडी हलवू नका.

भूतानला पाठवणाऱ्यांना बरंचसं हेच लागू आहे. माल जयगाव-फुंटशोलिंगहून जातो, २०१६ च्या करारानुसार व्यापार करमुक्त आहे, आणि त्यांचा न्गुलट्रुम आपल्या रुपयाच्या बरोबरीचा आहे. आयात परवाना मात्र तिथेही आधी लागतो.

दसऱ्याच्या सुमाराला नेपाळात दशैंची लांब सुट्टी असते, मग तिहार (तिकडची दिवाळी), आणि आपल्या बाजूला रक्सौलमध्ये छटपूजा. या दिवसांत हमाल, ब्रोकर, कार्यालयं सगळंच मंदावतं. त्या आठवड्यांत पोचेल असा माल शक्यतो टाळा, किंवा आधी ब्रोकरला विचारा.

गाडी निघायच्या आदल्या दिवशी सगळ्या कागदांचे फोटो नाक्यावरच्या ब्रोकरला आणि नेपाळच्या आयातदाराला व्हॉट्सअॅपवर पाठवा आणि दोघांकडूनही ‘चालेल’ असं लेखी मागवा. फायटोची मूळ प्रत ड्रायव्हरकडे प्लास्टिकच्या पाकिटात द्या, झेरॉक्स चालत नाही. तुमच्याकडे ऑफिसमध्ये राहायला हवी ती झेरॉक्स. उलट झालेलं बऱ्याचदा बघण्यात येतं.