शांतिनिकेतन : विश्वभारती परिसराचा धार्मिक वारसा

पश्चिम बंगालच्या बीरभूम जिल्ह्यात, बोलपूरला लागून विश्वभारती हे केंद्रीय विद्यापीठ आहे. त्याच्या मधोमध विद्यापीठाहून जुना एक आश्रम आहे. देवेंद्रनाथ टागोरांनी तो निराकार ब्रह्माच्या उपासनेसाठी वसवला. शाळा, कलाभवन (चित्र-शिल्पकलेचे विद्यालय), विद्यापीठ हे सगळे त्याच्याभोवती नंतर उभे राहिले. सरकारी पैशावर चालणाऱ्या या विद्यापीठात दर बुधवारी सकाळी उपासना होते, मात्र आवारात एकही पूजेची मूर्ती नाही. १७ सप्टेंबर २०२३ रोजी युनेस्कोने शांतिनिकेतनचा सुमारे ३६ हेक्टरांचा भाग जागतिक वारसा यादीत घेतला.

जागा आणि विश्वस्तपत्र

देवेंद्रनाथांनी १८६३ मध्ये जवळच्याच रायपूर गावच्या सिंह जमीनदारांकडून वीस बिघे जमीन कायमपट्ट्याने घेतली. तांबड्या मुरमाचा उजाड माळ आणि त्यावर दोन छातिमची झाडे, एवढाच तेव्हाचा देखावा होता. छातिम म्हणजे आपल्याकडची सातवीण किंवा सप्तपर्णी. आधी तिथे एक अतिथिगृह बांधले, त्याचे नाव शांतिनिकेतन. घराचे नाव पुढे सगळ्या वस्तीला पडले.

१८८८ च्या विश्वस्तपत्रात इथल्या धर्मजीवनाची चौकट आहे, आणि ते वाचल्याशिवाय या परिसरातल्या बऱ्याच गोष्टी उलगडत नाहीत. एकट्याने किंवा समुदायाने इथे निराकार एकेश्वराची उपासना करावी. मूर्ती, चित्र किंवा कोणत्याही प्रतीकाची पूजा करू नये. कोणत्याही धर्माची वा त्याच्या उपास्याची निंदा करू नये. मद्य-मांस वर्ज्य. धर्मभाव जागवण्यासाठी विश्वस्तांनी दरवर्षी मेळा भरवावा, त्यात सर्व पंथांच्या लोकांनी एकत्र येऊन धर्मविचार करावा. मेळ्यात मूर्तिपूजा व बीभत्स करमणूक नको, बाकी सर्व प्रकारचा माल विकायला हरकत नाही. विद्यालय व ग्रंथालय काढण्याची मुभाही याच पत्रात आहे. देवेंद्रनाथांचे पुत्र रवींद्रनाथ यांनी १९०१ मध्ये पाच मुलांवर ब्रह्मचर्याश्रम सुरू केला तो त्याच आधारावर.

निंदाबंदीचे कलम मूर्तिबंदीइतकेच महत्त्वाचे आहे. मूर्ती नको म्हणणारे आणि मूर्तिपूजकाला नावे ठेवायची नाहीत म्हणणारे एकाच कागदावर आले, म्हणून पुढे बाऊल (गात फिरणारे बंगाली साधक), ख्रिस्ती, बौद्ध सगळ्यांना इथे जागा मिळाली.

छातिमतला

देवेंद्रनाथ ज्या झाडांखाली ध्यानाला बसत ती ही जागा. एक साधी संगमरवरी वेदी आहे आणि बंगालीत कोरलेली ओळ : ‘तिनि आमार प्राणेर आराम, मनेर आनन्द, आत्मार शान्ति’. तो माझ्या प्राणाचा विसावा, मनाचा आनंद, आत्म्याची शांती, असा तिचा अर्थ. मूळची दोन्ही झाडे वठली. आजची त्यांच्या जागी लावलेली आहेत. एरवी ही जागा कुंपणाबाहेरूनच पाहायची असते. पदवीदान समारंभात स्नातकाला सप्तपर्णीची पाने देतात ती याच झाडाच्या आठवणीने.

उपासनागृह

स्थानिक लोक याला ‘काचेर मंदिर’ म्हणतात. पायाभरणी डिसेंबर १८९० मध्ये झाली आणि बंगाली सनावळीप्रमाणे ७ पौष १२९८ बंगाब्द, म्हणजे २१ डिसेंबर १८९१ ला ते खुले झाले. लोखंडी सांगाडा, त्यात बसवलेल्या रंगीत बेल्जियन काचा, खाली संगमरवरी फरशी, चहूबाजूंना पायऱ्या. गाभारा नाही, त्यामुळे दर्शनाची रांग नाही, प्रदक्षिणेचा मार्ग नाही, समोर आणि मागे असा भेदही फारसा नाही. दिवसा बाहेरचा उजेड काचांतून रंगीत होऊन आत येतो. सणाच्या संध्याकाळी आत मेणबत्त्या लावल्या की तोच प्रकार उलट होतो आणि अख्खी वास्तू कंदिलासारखी बाहेर उजळते. बांधणीचा हा गुण म्हणजेच तिचे दुखणे. बंगालच्या दमट हवेत लोखंड गंजते, गंजले की फुगते, आणि चौकटीत आवळलेली काच तडकते. तुटलेल्या तावदानाच्या जागी जुन्या छटेची काच मिळवणे हे जतनाचे खरे किचकट काम.

साप्ताहिक उपासना बुधवारी असते, कारण देवेंद्रनाथांच्या कोलकात्यातल्या आदि ब्राह्मसमाजाचा, म्हणजे निराकार एकेश्वर मानणाऱ्या पंथाचा, उपासनेचा वार बुधवार. मुंबईच्या प्रार्थनासमाजाने रविवार धरला. शांतिनिकेतनने जुना वार सोडला नाही, आणि म्हणून विद्यापीठाची आठवड्याची सुट्टीही बुधवारीच आली.

सकाळी घंटा होते. चपला पायऱ्यांखाली काढून मंडळी येऊन जमिनीवर बसतात. पांढरे कपडे घालण्याची रीत आहे. आत जागा बेताची, उरलेले पायऱ्यांवर आणि बाहेर. सुरुवात रवींद्रनाथांच्या गाण्याने, साथीला एसराज हे गजाने वाजवायचे तंतुवाद्य. पेटी नसते. रवींद्रनाथांना पेटीचे ठरीव स्वर खपत नसत, कारण दोन स्वरांमधली मींड तिच्यावर निघत नाही. मग आचार्य वेदीवरून नव्हे, सगळ्यांसारखेच बसून मंत्र म्हणतात : ‘ॐ पिता नोऽसि’, ‘सत्यं ज्ञानमनन्तं ब्रह्म’, ‘असतो मा सद्गमय’. उपनिषदे व वेदांतून हे उतारे देवेंद्रनाथांनी ब्राह्म उपासनेसाठी निवडले. मराठी कानाला इथे थोडे अडखळायला होते. बंगाली उच्चारात ‘अ’ चा ‘ओ’ होतो, ‘स’ ‘श’ कडे झुकतो आणि रोजच्या परिचयाचा शांतिमंत्र दोन ओळी होऊन गेल्यावर ओळखू येतो. त्यानंतर एक वाचन किंवा छोटे प्रवचन, पुन्हा गाणे, आणि समाप्ती. आरती, प्रसाद, तीर्थ, दक्षिणा यांपैकी काही नाही. आचार्य हा पुरोहित नसतो. बहुधा विद्यापीठातलाच कोणी अध्यापक असतो. (कुलपतींनाही इथे ‘आचार्य’ च म्हणतात आणि ते पद पंतप्रधानांकडे असते, दोन्हींची गल्लत करू नये.) रवींद्रनाथांनी या मंदिरात दिलेली प्रवचने ‘शांतिनिकेतन’ या नावाने १७ भागांत छापली गेली.

सात पौष आणि मेळा

देवेंद्रनाथांनी ७ पौष १२५० बंगाब्द (२१ डिसेंबर १८४३) रोजी वीस सहकाऱ्यांसह ब्राह्मधर्माची दीक्षा घेतली. मंदिराचे उद्घाटन, विद्यालयाची सुरुवात, सगळे मुहूर्त याच तारखेला धरले गेले. विश्वभारतीची जाहीर स्थापना मात्र दुसऱ्या दिवशी, ८ पौषला (२३ डिसेंबर १९२१) झाली.

मराठी पंचांगात हा पौष शोधायला जाऊ नये. आपला पौष चांद्र, मार्गशीर्ष अमावास्येनंतरचा. बंगाली पौष सौर आहे. सूर्य धनू राशीत आला की लागतो आणि मकरसंक्रांतीला संपतो. म्हणजे आपला धुंधुरमास. त्यामुळे सात पौष दरवर्षी २२-२३ डिसेंबरच्या आसपासच येतो, इकडेतिकडे सरकत नाही.

त्या दिवशी पहाटे सनई वाजते. मग वैतालिक, म्हणजे गात गात आश्रमाला घातलेली फेरी. टाळ-मृदंग नाही, घोषणा नाही. अंधारात नुसते सूर पुढे सरकत जातात. दिंडीची सवय असलेल्याला ही शांतता आधी चमत्कारिक वाटते. त्यानंतर छातिमतल्याला उपासना. आठ पौषला आम्रकुंजात विद्यालयाचे समारंभ, नऊला दिवंगत आश्रमवासीयांचे स्मरण आणि हविष्यान्नाचे साधे जेवण. श्राद्धाचा विधी नाही, पण हविष्यान्न राहिले. मूर्ती काढली तरी परंपरेची चव अशी जिभेवर उरतेच.

मेळा १८९४ पासून भरतो. बाऊल-फकिरांची गाणी, कीर्तन, जात्रा (बंगाली लोकनाट्य), संथाळ आदिवासींचे खेळ, मातीची भांडी, लोखंडी अवजारे, घोंगड्या. तो आधी मंदिराजवळच्या मैदानात भरे. गर्दी मावेना म्हणून पुढे पूर्वपल्लीच्या मैदानावर गेला. अधिकृत दिवस संपल्यावर दुकानदार हटत नाहीत, त्या उरलेल्या बाजाराला ‘भांगा मेला’ म्हणतात आणि कटकटी तिथूनच सुरू होतात. विश्वस्तमंडळाचा मेळा, विद्यापीठाची जमीन, आणि पोट व्यापाऱ्यांचे. कचरा, चुलींचा धूर आणि गोंगाटावरून प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेले, अटी आल्या, आतषबाजी बंद झाली. २०२० मध्ये साथीमुळे मेळा भरला नाही. त्याच वर्षी मैदानाला कुंपण घालण्यावरून मोठा वाद होऊन बांधकाम पाडले गेले. देवेंद्रनाथांनी मेळा धर्मचर्चेसाठी लिहून दिला होता. आज भांडण होते ते स्टॉलच्या जागेवरून आणि अनामत रकमेवरून.

मूर्तीच्या जागी काय आले

बंगालमध्ये माघात घरोघरी, शाळाशाळांत सरस्वती बसते. आश्रमात बसत नाही. दुर्गापूजाही होत नाही. पण उत्सवाची भूक राहतेच. ती भागवली ऋतूंनी. १९०७ च्या श्रीपंचमीला रवींद्रनाथांचा धाकटा मुलगा शमींद्रनाथ याने मुलांना घेऊन ऋतूउत्सव केला. आजच्या वसंतोत्सवाचे मूळ तिथे सांगतात. २०१९ च्या वसंतोत्सवाला आवाराला पेलवणार नाही इतकी गर्दी लोटली. साथीनंतर तो सर्वांसाठी खुला राहिला नाही.

वृक्षारोपण आणि हलकर्षण (नांगरणी) हे दोन विधी रवींद्रनाथांनी १९२८ च्या जुलैत सुरू केले. वृक्षारोपणात रोप हातात धरून आणत नाहीत. फुलापानांनी सजवलेल्या पालखीत बसवून, गात-नाचत आणतात. पाच मुले क्षिती, अप, तेज, मरुत, व्योम या पंचमहाभूतांच्या रूपात येतात, प्रत्येकाच्या तोंडी आपापले आशीर्वचन असते, मग रोप खड्ड्यात उतरवून पाणी घालतात. रवींद्रनाथ गेले तो बंगाली दिवस २२ श्रावण (७ ऑगस्ट १९४१). तेव्हापासून वृक्षारोपण त्याच दिवशी होते आणि दुसऱ्या दिवशी श्रीनिकेतन या विश्वभारतीच्या शेजारच्या ग्रामविकास केंद्रात हलकर्षण. बैलांना सजवून, जमिनीवर आल्पना काढून, मंत्र म्हणून पाहुण्याच्या हाती नांगराचे रुमणे देतात. आपल्या पोळ्याशी तुलना सुचते खरी, पण फरक मोठा आहे. पोळ्याला बैलाच्या खांद्यावर जू ठेवत नाहीत, त्याला त्या दिवशी सुट्टी; इथे जुंपणे हाच विधी.

आल्पनेबद्दल थोडे. रांगोळी कोरडी, चिमटीतून सुटते, आल्पना ओली. पातळ कालवलेल्या पांढऱ्या रंगात चिंधी बुडवायची, ती मुठीत धरून हलके दाबायची आणि बोटावरून ओघळणाऱ्या रंगाने रेघ ओढायची. रंग दाट झाला तर रेघ तुटते, पातळ झाला तर पसरते, आणि एकदा उठलेली रेघ पुसता येत नाही. खेड्यातल्या व्रतांतली ही कला चित्रकार नंदलाल बोस व त्यांच्या सहकाऱ्यांनी इथे मोठ्या आकारात नेली. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करायला नंदलाल तरुणपणी गेले होते, त्या वेलबुट्टीची ओळख इथल्या आल्पनेत पटते.

२५ डिसेंबरचा ख्रिस्तोत्सव १९१० पासून आहे. संध्याकाळी मंदिरात मेणबत्त्या, बायबलचे वाचन, कॅरोल आणि रवींद्रनाथांची गाणी. क्रूस किंवा गोठ्याचा देखावा मात्र नसतो. विश्वस्तपत्राचे कलम येशूलाही लागू.

भिंती आणि शिल्पे

पूजेची मूर्ती नसलेल्या या आवारात शिल्पे मात्र जागोजागी आहेत. शिल्पकार रामकिंकर बैज यांची ‘सुजाता’ (१९३५) निलगिरीच्या झाडांत तशीच सडपातळ उभी आहे. तिच्या डोक्यावर पात्र आले ते नंदलालांच्या सूचनेने, आणि त्या एका पात्राने एरवीची तरुणी बुद्धाला खीर देणारी सुजाता झाली. सिमेंट आणि मुरमाचे खडे हे तिचे द्रव्य. १९३७ मध्ये चिनी विद्वान तान युन-शान यांच्या खटपटीतून चीनभवन हे चिनी अभ्यासाचे केंद्र उभे राहिले व बौद्ध ग्रंथांचा मोठा संग्रह आला. हिंदीभवनात चित्रकार विनोदबिहारी मुखर्जी यांनी १९४६-४७ मध्ये मध्ययुगीन संतांचे भित्तिचित्र केले. कबीर, सूरदास, तुलसीदास, गुरू गोविंदसिंग तीन भिंतींवरून गर्दीतून वाहत जातात. काम ओल्या गिलाव्यावरचे. गिलावा वाळायच्या आत त्या दिवसाचा तुकडा पुरा करावा लागतो. पूर्ण मापाचे आराखडे न करता, आणि जन्मापासून अधू नजरेने त्यांनी ते काढले. नंतर दहा वर्षांत त्यांची दृष्टी पूर्ण गेली. या चित्रामागे इथलेच अध्यापक क्षितिमोहन सेन यांनी खेडोपाडी फिरून गोळा केलेली संतवाणी आहे.

जातीचा प्रश्न आणि १० मार्च

आश्रमात सुरुवातीपासून सगळे समान होते असे समजणे चूक. पहिल्या वर्षांत ब्राह्मण विद्यार्थ्याने ब्राह्मणेतर शिक्षकाच्या पायांना हात लावावा की नाही यावर खल झाला आणि रवींद्रनाथांनी तेव्हा रूढीच्या बाजूने निर्णय दिला. काही मुलांची पंगतही वेगळी असे. १९१५ मध्ये गांधीजी आले. काका कालेलकर तेव्हा इथेच होते. स्वयंपाक, भांडी, झाडलोट, संडाससफाई सगळे विद्यार्थी-शिक्षकांनीच करावे हा प्रयोग १० मार्चला सुरू झाला. तो फार दिवस टिकला नाही, पण तारीख टिकली : दरवर्षी ‘गांधी पुण्याह’ ला आचारी-सफाई कामगारांना सुट्टी असते आणि झाडू इतरांच्या हाती येतो.

मराठी मुलुखाशी धागे याहून जुने आहेत. देवेंद्रनाथांचे चिरंजीव सत्येंद्रनाथ मुंबई इलाख्यात न्यायाधीश होते, त्यांचे प्रार्थनासमाजाशी येणे-जाणे होते. रवींद्रनाथांनी तरुणपणी तुकोबांचे काही अभंग बंगालीत आणले. भीमरावशास्त्री हसूरकर यांनी इथे शास्त्रीय संगीत शिकवले.

जाणाऱ्याने ध्यानात ठेवायचे ते असे : उपासना ऐकायची तर मंगळवारी रात्रीच बोलपूरला पोचावे, पण त्याच बुधवारी रवींद्रभवनाचे संग्रहालय बंद असते, म्हणून मुक्काम दोन दिवसांचा धरावा. उपासनेत छायाचित्रे काढू नयेत. आणि काचमंदिराच्या दारातून आत डोकावून ‘देव कुठे आहे?’ असे विचारणारे रोज येतात. राखणदाराला त्याची सवय आहे.