खॉत्ला

बोत्स्वानातील त्स्वाना समाजाची गावसभा, तिथला न्यायनिवाडा आणि या दोन्हींची जागा या सर्वांना मिळून खॉत्ला म्हणतात. शेजारच्या दक्षिण आफ्रिकेतील त्स्वाना आणि लेसोथोतील सोथो लोकांतही ही प्रथा आहे. मात्र स्वतंत्र राष्ट्राच्या कारभाराशी तिची सांगड बोत्स्वानात जितकी घट्ट बसली, तितकी इतरत्र फारशी आढळत नाही.

जागा अगदी साधी असते. जाड लाकडी खांब एकमेकांना खेटून रोवतात. त्यांचा अर्धचंद्राकृती आडोसा तयार होतो आणि वारा अडतो. आत झाडून स्वच्छ केलेली मोकळी माती, एखादे सावलीचे झाड आणि थंडीच्या सकाळी पेटवलेली शेकोटी असते. शेजारीच गावप्रमुखाच्या गुरांचा वाडा असतो, कारण गुरे हीच संपत्ती, दंड आणि वधूमूल्य होती. प्रमुखाला खोसी म्हणतात, अनेकवचनी दिखोसी. खोसी मध्यभागी, त्याचे काका-चुलते व वस्त्यांचे मुखिया दोन्ही बाजूंना आणि बाकीचे समोर, अशी बैठक असते. चामड्याच्या पट्ट्यांनी विणलेली बुटकी लाकडी खुर्ची पुरुष घरून घेऊन येत. आता अनेक गावांत आडोशाशेजारी उघड्या बाजूंची मोठी शेडही उभारलेली दिसते.

प्रत्येक वस्तीचा आपला छोटा खॉत्ला असतो आणि गावाचा मुख्य खॉत्ला वेगळा. तंटा आधी घरात, मामा-काकांसमोर मांडायचा. तिथे मिटला नाही तर वस्तीच्या मुखियाकडे आणि तिथेही अडला तर खोसीपुढे. ही पायरी चुकवून थेट वर गेलेल्याला बहुधा परत पाठवले जाते. कारण व्यावहारिक आहे: माणसांचे आपसातले संबंध आणि जुने हिशेब घरच्यांनाच ठाऊक असतात, आणि निकाल लागल्यावर त्यांनाच एकमेकांशेजारी राहायचे असते.

सभा सकाळी लवकर भरते. प्रार्थनेनंतर खोसी विषय मांडतो आणि गप्प बसतो. या गप्प बसण्यावरच पुढचे सगळे अवलंबून असते. बोलणारा टोपी काढून उभा राहतो, खोसीला उद्देशून बोलतो आणि त्याचे संपेपर्यंत मध्ये कोणी तोंड घालत नाही. ‘खॉत्ल्यातले सगळे बोल चांगलेच’ ही सेत्स्वाना (त्स्वाना लोकांच्या भाषेतली) म्हण इथला नियम सांगते: सभेत बोललेल्या शब्दाबद्दल, तो कितीही कडू किंवा चुकीचा असला तरी, बोलणाऱ्यावर नंतर राग धरायचा नाही. खोसीवर तोंडावर टीका करता येते आणि ती केली जाते. मतदान सहसा होत नाही. सर्वांचे ऐकून खोसी शेवटी बोलतो आणि सभेचा कल कुठे आहे ते आपल्या निर्णयात मांडतो. त्याने आधीच मत दिले, तर नंतरचे लोक त्याच्याच सुरात सूर मिसळतात आणि सभा निरुपयोगी होते. कल डावलून निर्णय दिला, तर तो पाळला जात नाही. ‘खोसी हा लोकांमुळे खोसी’ ही दुसरी म्हण याच अनुभवातून आली आहे. शेवटी ‘पुला!’ (पाऊस) असा घोष होतो.

अशा सभेचे सर्वांत गाजलेले उदाहरण सेरोवे गावातले. बांग्वातो लोकांचा वारस सेरेत्से खामा याने 1948 मध्ये लंडनमध्ये रुथ विल्यम्स या गोऱ्या इंग्रज तरुणीशी लग्न केले. राज्य सांभाळणारा त्याचा काका त्शेकेदी खामा याचा आक्षेप असा, की समाजाला न विचारता वारसाने लग्न करणे परंपरेला धरून नाही. नोव्हेंबर आणि डिसेंबर 1948 तसेच जून 1949 अशा तीन सभा झाल्या, त्याही प्रत्येकी काही दिवस चालणाऱ्या. पहिलीत वडीलधारे लग्नाच्या विरोधात होते, दुसरीत मते फाटली. तिसरीत सेरेत्सेने विरोधकांना उभे राहायला सांगितले, तेव्हा मोजकेच लोक उठले. मग समर्थकांना सांगितले, तेव्हा हजारो पुरुष उठले. लोकांचे मत सात महिन्यांत, उघड्यावर बोलत-ऐकत बदलले. ब्रिटिश सरकारने हा कौल मानला नाही आणि 1950 मध्ये सेरेत्सेला देशाबाहेर ठेवले. या निर्णयाचे समर्थन करण्यासाठी ब्रिटिश उच्चायुक्त एव्हलिन बेअरिंग सेरोवेला येणार होते, तेव्हा लोक खॉत्ल्याकडे फिरकलेच नाहीत. सभा रिकामी ठेवणे हेही तिथे उत्तरच असते. सेरेत्से 1956 मध्ये खोसीपदावरचा हक्क सोडून परतला आणि 30 सप्टेंबर 1966 रोजी स्वतंत्र बोत्स्वानाचा पहिला राष्ट्राध्यक्ष झाला.

नव्या सरकारने दिखोसींचे अधिकार कमी केले. जमीनवाटप 1968 च्या कायद्याने भूमिमंडळांकडे गेले आणि खनिजांचे हक्क जमातींकडून राष्ट्राकडे आले. 1967 मध्ये ओरापा येथे हिरे सापडले, त्यामुळे हा दुसरा बदल फार मोलाचा ठरला. खॉत्ला मात्र ठेवला आणि त्याला विकासकामांशी जोडले. गावाची विकास समिती तिथेच निवडली जाते. नव्या धोरणाबद्दल मंत्री आणि अधिकारी तिथेच येऊन बोलतात. राजकीय पक्षांच्या प्रचाराला तिथे जागा नाही. त्यांच्या सभांसाठी गावात वेगळे मैदान असते. दिखोसींचे राष्ट्रीय सल्लागार सभागृह ‘न्त्लो या दिखोसी’ या नावाने राजधानी गाबोरोनी येथे आहे.

सल्लामसलत खरी की नावापुरती, हे निर्णय आधीच ठरला आहे की नाही यावरून कळते. ओकावांगो त्रिभुज प्रदेशातील बोरो नदीचे पात्र खोदून पाणी वळवण्याची योजना सरकारने आखली होती. ओरापाच्या खाणीला, शेतीला आणि माउन गावाला पाणी मिळणार, असे सांगितले जात होते. बोरोचा खालचा भाग 1970 च्या दशकात एकदा खोदून झाला होता आणि पात्राचे काय झाले ते लोकांनी पाहिले होते. जानेवारी 1991 मध्ये माउनच्या खॉत्ल्यात शेकडो लोकांनी मंत्र्यांसमोर उभे राहून विरोध केला: मासे, गवत, वेत, गुरांचे पाणी सगळे जाईल. सरकारने काम थांबवले, बाहेरच्या तज्ज्ञांकडून तपासणी करून घेतली आणि 1992 मध्ये योजना सोडून दिली. अनेक ठिकाणी असे होत नाही. अधिकारी आराखडा वाचून दाखवतो, दोन-चार प्रश्न घेतो आणि ‘लोकांशी चर्चा झाली’ अशी नोंद करून निघतो.

वेळही चुकते. त्स्वाना कुटुंबांची घरे गावात, शेते दूर आणि गुरांचे तळ त्याहून दूर असतात. नांगरणीच्या हंगामात सभा बोलावली तर निम्मे गाव शेतावर असते आणि मागे राहिलेल्यांचा कल गावाचा म्हणून नोंदवला जातो.

न्यायसभेत फौजदारी व दिवाणी अशी दोन्ही प्रकरणे चालतात: चोरी, मारामारी, शिवीगाळ, गुरांची मालकी. खून, बलात्कार, राजद्रोह यांसारखे गुन्हे तिच्या कक्षेबाहेर आहेत. वकील तिथे उभा राहू शकत नाही. पक्षकार स्वतः बोलतो आणि जमलेल्यांपैकी कोणीही प्रश्न विचारू शकतो. शिक्षांमध्ये दंड, कैद आणि छड्या आहेत. वकील नसल्यामुळे निकाल लवकर आणि स्वस्तात लागतो, पण ज्याला नीट बोलता येत नाही तो उघडा पडतो.

खॉत्ल्यातला सर्वांत मोठा अन्याय कोणाला आत घेतले जात नव्हते यातला आहे. स्त्रिया पूर्वी सभेत बसत नसत. आता बऱ्याच सभांत त्यांचीच संख्या जास्त असते, तरी पँट घालून आलेल्या स्त्रीला अडवले जाते. झगा किंवा स्कर्ट, डोक्याला रुमाल आणि खांद्यावर शाल हा अपेक्षित पोशाख. 2003 मध्ये रामोत्स्वा येथे मोसादी सेबोको बालेते लोकांच्या खोसी झाल्या, त्या पदावरच्या पहिल्या स्त्री. कान्ये येथील चार बहिणींचा वडिलोपार्जित घराचा दावा पारंपरिक न्यायसभांतून वर चढत अपील न्यायालयात गेला आणि 2013 मध्ये त्यांच्या बाजूने निकाल लागला. बासार्वा (सान) या मूळनिवासी लोकांची अडचण अजून आहे. लहान गटांत, प्रमुखाशिवाय निर्णय घेणाऱ्या या समाजाला त्स्वाना पद्धतीच्या सभेत मागच्या रांगेत बसावे लागते, आणि चर्चा सेत्स्वानात चालते. सरकारने मध्य कालाहारी अभयारण्यातून हलवल्यावर त्यांना न्यायासाठी उच्च न्यायालयात जावे लागले. तिथे ते 2006 मध्ये जिंकले.